आर्वेलाची शेवटची आठ गाणी

मेम्फिस,
११ फेब्रुवारी १९७४

श्री. क्लिओथा बँक्स यांस,

तुम्ही रेकॉर्ड कंपनीला पाठवलेलं पत्र मि. डॅलरिंपल यांनी काल मला दाखवलं. माझ्या मुलीनं मरण्याआधी गायलेली आठ गाणी जशी आहेत तशीच बाहेर यावीत, त्यात कुणी काही घालू नये आणि तिची इच्छाही तशीच होती, असं तुम्ही लिहिलं आहे.

असेलही. पण तिची इच्छा तुम्ही कोणत्या नात्यानं सांगता, ते पत्रात कुठे दिसलं नाही. तुमची लग्नाची बायको डेट्रॉइटला आहे. ती तुम्हाला मोकळं करत नाही, हा तुमचा आणि तिचा प्रश्न. आर्वेलाचे वारस तिचे आईवडील आहेत. कंपनीच्या कागदावर मी सही केली आहे.

मि. डॅलरिंपल यांनी मला एक गाणं थोडंसं ऐकवलं. मला बसवेना. नऊ वर्षांची असताना ही मुलगी आमच्या चर्चमध्ये उभी राहून गायची तेव्हा मागच्या भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं. आणि हे काय? घशातल्या घशात कुजबुज. आजारानं आवाज पार बसलेला. ते जगाला कशाला ऐकवायचं? कंपनीला त्यावर व्हायोलिनं आणि आता नाचघरांत वाजतो तो ठोका घालायचा होता. मी नाही म्हटलं. त्याऐवजी आमच्या सारफथ चर्चचा क्वायर, आमच्या गाणाऱ्या बायका, तिच्या आवाजाला साथ देईल. तिची लाज झाकली जाईल. याबद्दल तुम्ही खरं तर माझे आभार मानायला हवेत.

अंत्यविधीच्या दिवशी तुम्हाला कुटुंबाच्या बाकावर जागा मिळाली नाही, ही गोष्ट कंपनीला लिहिण्याचं कारण नव्हतं. बाक भरलेला होता.

आर्वेलाच्या कार्न्स अव्हेन्यूवरच्या घराचं कुलूप आम्ही बदललं आहे. तुमचा ऑर्गन आत सुखरूप आहे. तुम्ही सध्या आहात त्या हेलेनाहून येण्याआधी कळवावं, कुणीतरी दार उघडून देईल.

ख्रिस्तात आपला,
रेव्हरंड होझिया प्रुइट


मेम्फिस,
१८ मार्च १९७४

श्री. बँक्स,

तुमचं पत्र मिळालं. त्यात एकच ओळ होती: ‘तुम्ही तिचं एक तरी गाणं पूर्ण ऐकलं आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर देण्यास मी बांधील नाही.

मी लिहितो आहे ते वेगळ्या कामासाठी. गेल्या आठवड्यात आम्ही रेकॉर्डिंगला गेलो. बर्फाच्या जुन्या कारखान्यातला तो स्टुडिओ तुम्हाला माहीत आहेच आणि तिथला रेकॉर्डिंग करणारा वेंडेल रकही. त्यानं आमच्या बायकांच्या कानांवर ते हेडफोन चढवले. आमच्या क्वायरमधल्या सिस्टर ओझेला क्रंपनं त्यासाठी डोक्यावरची हॅट काढायला साफ नकार दिला, त्यात बराच वेळ गेला. मग आर्वेलाचा आवाज सुरू झाला आणि आमच्या बायका गाऊ लागल्या, आणि जमेना.

आमचा क्वायर मेम्फिसमध्ये नावाजलेला आहे. पण दर ओळीला हे लोक पुढे जायचे आणि ती मागे राहायची. वेंडेल यंत्र थांबवून म्हणाला, “रेव्हरंड, तुमच्या बायका बस चुकेल म्हणून धावल्यासारख्या गातायत.”

सिस्टर ओझेलाला ते लागलं. ती म्हणाली, “आम्ही वेळेवर आहोत, मिस्टर. ही पोरगीच थांब्यावर रेंगाळतेय.”

मलाही तेच वाटत होतं. आजारी माणसाला दम लागतो, शब्द उशिरा येतो. पण तीन-चारदा असंच झाल्यावर ओझेलानं हेडफोन कानांवर दाबून धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, “नाही, पाळकसाहेब. ती मागे नाही पडत. आपणच पळतोय.”

वेंडेलचं म्हणणं असं की, मूळ गाण्यात ऑर्गन वाजवणाऱ्या माणसानं पुढे उभं राहून हातानं इशारे केले तर क्वायरला तिची चाल सापडेल. म्हणजे तुम्ही. म्हणून विचारतो आहे. येण्याजाण्याचा खर्च कंपनी देईल.

आणखी एक. चहाच्या सुट्टीत बायका बाहेरच्या बोळात काहीतरी गुणगुणत होत्या. मी जवळ गेलो तशा गप्प झाल्या. कुठलं स्तोत्र, म्हणून मी विचारलं. ओझेला म्हणाली, “जुनं आहे, पाळकसाहेब. तुम्ही यायच्या आधीचं.” सारफथचा मी पहिलाच पाळक आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. हे मी तुम्हाला का लिहितो आहे, कळत नाही.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे. बातमीदार आपल्या मनाचं बरंच लिहितात.

रेव्ह. हो. प्रुइट


मेम्फिस,
९ एप्रिल १९७४

क्लिओथा,

तुम्ही येणार नाही, हे तुमच्या आधीच्या मौनावरूनच कळलं होतं. क्वायरनं कसंबसं काम पुरं केलं. वेंडेलनं बायकांचा आवाज वर आणि तिचा खाली ठेवला, म्हणजे चाल चुकलेली कळत नाही.

तुमच्या पत्रातल्या भाषेबद्दल मी काही बोलणार नाही. तुमचा प्रश्न सरळ आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. होय, ते वाक्य बातमीदाराचं नाही, माझं आहे. ‘शेवटच्या महिन्यांत माझी लेक प्रभूकडे आणि आपल्या मंडळीत परत आली होती.’ मी तसंच म्हणालो. त्यानं दोनदा विचारलं आणि मी दोनदा म्हणालो.

ती आली नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

त्या माणसानं विचारलं होतं, “रेव्हरंड, तुमच्यासारख्या माणसाची मुलगी शेवटपर्यंत असली गाणी गात राहिली, तुम्हाला कसं वाटतं?” माझ्या शेजारी आमच्या चर्चचे कारभारी, डीकन थर्लो गेन्स बसले होते. मी काय उत्तर द्यायला हवं होतं? ती चर्च सोडून गेल्यापासून बारा वर्षं लोक मला तिच्याबद्दल विचारायचे आणि मी विषय बदलायचो. दुकानात तिचा फोटो लागला की मी दुसऱ्या दुकानात जायचो. मला तिची लाज वाटायची, असं तुम्ही लिहिता. ते खोटं नाही. त्या बातमीदारासमोर एकदाच असं वाटलं की, आता ती परत येऊन नाही म्हणणार नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. खोडत नाही.

रेकॉर्डचं कव्हर छापून आलं आहे. नाव ‘घरी परतलेली लेक’. फोटो ती एकोणीस वर्षांची असतानाचा, क्वायरच्या झग्यातला. तो मीच काढून दिला. त्यानंतरचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता, असं मी कंपनीला फोनवर सांगितलं. आर्वेलाच्या आईनं, अल्मेटानं, ते स्वयंपाकघरातून ऐकलं. ती हात पुसत बाहेर आली, खोलीत गेली आणि बुटांच्या खोक्यातून फोटोंचा गठ्ठा आणून माझ्या पुढ्यात ठेवला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली आर्वेला. तुमच्या त्या पिवळ्या पडद्यांच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरणारी आर्वेला. एका फोटोत तुम्ही तिघं.

माझी बायको गुरुवारी आजारी भगिनींच्या भेटीला जात असे. इतकी वर्षं मंडळीत कोण एवढं आजारी आहे, हे मी तिला कधी विचारलं नाही.

हो. प्रुइट


मेम्फिस,
२९ एप्रिल १९७४

क्लिओथा,

या पत्रात मी तुला ‘तू’ म्हणणार आहे. तू आमच्या चर्चच्या ऑर्गनवर बसायला लागलास तेव्हा तुझे पाय पेडलपर्यंत नीट पोचत नव्हते आणि तेव्हा मी तुला तूच म्हणायचो. आवडलं नाही तर पुढचं वाचू नकोस.

शनिवारी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये रेकॉर्डचं जेवण ठेवलं होतं. मंडळी लोटली होती. तळलेले मासे, पालेभाजी, मक्याचा ब्रेड, पीच घालून भाजलेलं गोड. ओझेला आणि तिची मंडळी सकाळपासून चुलीपाशी होती. मि. डॅलरिंपल पुढच्या खुर्चीत. मी चार शब्द बोललो. परतलेल्या लेकीबद्दलच बोललो, आता काय लपवायचं. मग रेकॉर्ड लावली.

पहिली बाजू संपेपर्यंत सगळं रीतसर चाललं. डीकन लोक “आमेन” म्हणत होते. बायका मात्र ताटात बघत होत्या. दुसरी बाजू सुरू झाली. तिसऱ्या गाण्यात एके ठिकाणी क्वायर श्वास घेतो, तेवढ्यात तिचा आवाज एकटा वर आला. जेमतेम अर्धी ओळ. लगेच क्वायर तिच्यावर चढला.

मागून कुणीतरी बाई ओरडली, “अगं ए, गप्प बसा की जरा!”

ती बाई स्वतः क्वायरमधली होती. रेकॉर्डवर तिचाच आवाज होता. सगळा हॉल फिस्सकन हसला. मी मागे वळून पाहिलं तसं हसू थांबलं, आणि ओझेला क्रंप उठून उभी राहिली. एप्रन तसाच होता.

“पाळकसाहेब,” ती म्हणाली, “ही रेकॉर्ड कुणाची?”

“आर्वेलाची,” मी म्हणालो.

“मग ती कुठाय? मला तर मी ऐकू येतेय. मी मला दर रविवारी ऐकू येते, फुकटात. त्याच्यासाठी मी सकाळपासून मासे तळत बसले नव्हते.”

“सिस्टर ओझेला, बसून घ्या.”

“बसते. पाय दुखतात, बसायचंच आहे. पण आधी पोरीला गाऊ द्या.” आणि तिनं चालत जाऊन सुई उचलली. मि. डॅलरिंपल अर्धवट उठले आणि तिच्याकडे बघून परत बसले.

मग तिनं आर्वेलाचंच एक जुनं गाणं सुरू केलं. कोणतं, ते तुला सांगायला नको.

*कडी नको लावूस, दार नुसतं लोटून ठेव,*
*मला उशीर होईल, पण मी येईन.*

पहिल्या ओळीला ती एकटी होती. दुसऱ्या ओळीला सगळ्या बायका. माझ्या क्वायरच्या, स्वयंपाकाच्या कमिटीच्या, पांढरे हातमोजे घालून दारात उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका. कडवं आलं तरी कुणी अडखळलं नाही. दुसरं कडवंही पाठ. कुठे थांबायचं, कुठे ‘हं’ म्हणायचं, तेही पाठ. बारा वर्षं माझ्या मंडळीच्या घराघरांत ही गाणी वाजत होती, आणि माझी गाडी दारात थांबली की रेडिओचं बटण फिरत होतं. डीकन गेन्स! असली रेकॉर्ड ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती फोडून टाकावी, हा ठराव ज्यांनी मांडला होता, ते डीकन गेन्स डोळे मिटून खालच्या पट्टीत गात होते. अल्मेटा गात होती. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी इतक्या मोकळ्या तोंडानं गाताना पाहिलं नव्हतं.

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये शब्द येत नसलेले आम्ही दोघंच, असं मला वाटलं. मी आणि मि. डॅलरिंपल. पण त्यांचेही ओठ हलत होते. मग कळलं की शब्द न येणारा मी एकटाच.

आता पुढचं सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळे गात होते आणि मी पुढे उभा होतो, सगळ्यांचं तोंड माझ्याकडे. मी ओठ हलवू लागलो. शब्द येत असल्यासारखे. मान डोलवली. माझ्या मुलीचं गाणं मला येतं, असं मी सोंग केलं. अल्मेटानं माझ्याकडे पाहिलं. ती माझे ओठ ओळखते. तिनं नजर वळवली आणि गात राहिली. क्लिओथा, ती रागावली असती तर बरं झालं असतं.

जेवण नंतर छान झालं. लोक उशिरापर्यंत बसले, एकामागून एक तिची गाणी म्हणाले. मी ताट घेऊन कोट लटकवायच्या खोलीत जाऊन बसलो.

होझिया प्रुइट


मेम्फिस,
६ मे १९७४

क्लिओथा,

कंपनीकडे गेलो होतो. रेकॉर्ड परत घ्या म्हटलं. मि. डॅलरिंपल सभ्यपणे म्हणाले की, माल दुकानांत पोचला आहे, आणि कागदावर सही माझी आहे. रागावले नाहीत. “रेव्हरंड, लोक विसरतात,” म्हणाले.

रेकॉर्ड माझ्या हातात नव्हती. तोंड माझ्या हातात होतं. काल उपासनेत मी व्यासपीठावर गेलो, पवित्र शास्त्र उघडलं नाही. म्हणालो, “आर्वेला मंडळीत परत आली होती असं मी वर्तमानपत्राला सांगितलं. ते खोटं आहे. ती आली नाही. मी बोलावलंही नव्हतं. ती गायची त्याची मला लाज वाटत होती, म्हणून मी मेलेल्या मुलीच्या तोंडी पश्चात्ताप घातला. तिनं मला ते कधी म्हटलं नव्हतं.”

बसलो. एकही “आमेन” नाही. मग ओझेला क्रंप नुसतं “हं” म्हणाली, आणि क्वायरनं पुढचं स्तोत्र घेतलं, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

दारात डीकन गेन्स यांनी मला बाजूला घेतलं. “होझिया, पोरगी गेली, तिची गोष्ट झाकली गेली होती. तू आता स्वतःची कशाला उघडलीस?”

मी म्हणालो, “थर्लो, तू ती रेकॉर्ड फोडली होतीस का?”

ते म्हणाले, “कोणती?” मग म्हणाले, “फोडणार होतो.”

तरी संध्याकाळी डीकन मंडळ बसलंच. खोटं बोललो हे त्यांना सोसलं असतं. व्यासपीठावरून कबूल केलं ते सोसवलं नाही. थंडी पडेपर्यंत मी विश्रांती घ्यावी, असं ठरलं आहे. मेरिडियनहून एक तरुण पाळक येणार आहे. वर्तमानपत्रानं माझा खुलासा छापला: हॅटच्या जाहिरातीखाली तीन ओळी. कात्रण सोबत आहे. यातला प्रत्येक शब्द माझा आहे.

आणि अंत्यविधीच्या दिवशी बाक भरलेला नव्हता. माझ्या शेजारी जागा होती. तू दारातून आत येताना मी तिथे माझी हॅट ठेवली.

होझिया प्रुइट


मेम्फिस,
२२ जुलै १९७४

क्लिओथा,

पाळकाला रिकामा वेळ मिळाला की तो काय करतो, माहीत आहे? भाजीला पाणी घालतो आणि बायकोच्या पायात पायात येतो. अल्मेटा कंटाळून म्हणाली, “कुठेतरी जा हो.” मी वेंडेल रककडे गेलो. म्हटलं, मला क्वायर काढून ऐकव. नुसती ती आणि तुझा ऑर्गन.

तो म्हणाला, “मला वाटलंच होतं तुम्ही याल. जरा लवकर याल असं वाटलं होतं.”

त्यानं मला खुर्ची दिली आणि बटणं खाली केली. माझा अख्खा क्वायर एका बोटानं गप्प झाला. राहिली ती.

चार गाणी मी मान खाली घालून ऐकली. हळू, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं. मी वेंडेलला म्हणालो, “फार थकली होती का रे ती? आवाज अगदीच गेला होता.”

वेंडेल माझ्याकडे बघतच राहिला. “गेला होता? रेव्हरंड, थांबा.” त्यानं टेप पुढे सरकवली. पाचवं गाणं सुरू होतं आहे, तुझा ऑर्गन हलकेच चालू आहे, तिनं पहिला शब्द घेतला, आणि बाहेर रस्त्यावर एका ट्रकनं इंजिन चालू ठेवलं आहे. भिंतीतूनही त्याची घरघर ऐकू येते. आणि मग ती थांबली आणि ओरडली, “ए ट्रकवाले भाऊ! बंद कर ते! इथे बाई गातेय!”

वेंडेलच्या यंत्राचा काटा पार शेवटाला जाऊन आपटला, हे त्यानंच सांगितलं. मी खुर्चीत दचकलो. तोच आवाज. घड्याळ थरथरवणारा. पुरा, धडधाकट, कुठेही चीर नाही. भिंतीपलीकडे इंजिन बंद झालं. तू हसतोस, वेंडेल हसतो, तीही हसते. मग ती म्हणते, “चल, घे,” आणि पुन्हा तो खालचा आवाज, पहिला शब्द, जिथे सोडला होता तिथून.

मला वाटत होतं आजारानं तिचा आवाज नेला. कुणीही काही नेलं नव्हतं. तिनं तो आपल्या हातानं खाली ठेवला होता.

मी विचारलं, “का पण?”

वेंडेल म्हणाला, “मीही विचारलं होतं. लोकांना ते जुनं, पितळी वाद्यांवर कडाडणारं गाणं हवंय, हे कोण घेणार? तर म्हणाली, ‘वेंडेल, मी लहानपणी देवाला ऐकू जावं म्हणून ओरडले. मग मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून ओरडले. देव बहिरा नाही आणि मागच्या रांगेतले पुढे येऊन बसू शकतात. आता जो शेजारी बसलाय त्याच्यासाठी गाते.’”

शेजारी तू बसला होतास.

मी तिच्यावर पांघरूण घालायला निघालो होतो, क्लिओथा. तिला थंडी वाजतच नव्हती. आठही गाणी मी पूर्ण ऐकली. तुझ्या त्या जुन्या पत्राचं उत्तर आता देतो: त्याआधी एकही नाही.

घरी येऊन अल्मेटाला हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं मी काही नवीन शोधून आणलंय. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, “ती माझ्याशी फोनवर असंच बोलायची. तुम्ही खोलीत असायचात म्हणून.”

आता कामाचं. आम्ही दोघांनी वकिलाकडे जाऊन सह्या केल्या, अल्मेटानं आधी. या आठ गाण्यांचं आणि तिच्या बाकी सगळ्या गाण्यांचं जे काही करायचं ते इथून पुढे तू ठरवायचंस. निघालेली रेकॉर्ड विकली जात नाही, खोकी परत येत आहेत, असं मि. डॅलरिंपल म्हणतात. गाणी जशीच्या तशी परत काढायची तर ते तुझ्याशी बोलतील. कदाचित काढतील, कदाचित नाही. मी त्यात तोंड घालणार नाही. घराचे कागद आणि नवी किल्ली या पाकिटात आहे. त्या घरात मी कुलूपवाल्याला घेऊन गेलो होतो, तेवढाच एकदा. स्वयंपाकघरात तिचा चष्मा खिडकीत होता. मी तो तिथेच ठेवला आहे.

माफी मागण्यासाठी हे पत्र नाही. मी आयुष्यभर लोकांना माफी कशी मागावी ते शिकवलं. आता मला ती मागायचं तोंड नाही.

होझिया


मेम्फिस,
१९ ऑगस्ट १९७४

क्लिओथा,

तुझं पत्र अल्मेटाच्या नावानं आलं, ते योग्यच आहे. तिनं मला टेबलावर वाचून दाखवलं. तू कार्न्स अव्हेन्यूवर परत आलास, ऑर्गनला ओल लागली होती ती काढतो आहेस, आणि येत्या रविवारी जेवायला ये असं तिला लिहिलं आहेस. मग खाली एक ओळ: ‘त्यांना यायचं असेल तर येऊ देत.’

अल्मेटानं ती ओळ दोनदा वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, “काय कळवू?”

मी म्हणालो, “मीच लिहितो.”

मी येईन. रविवारी मला काम नाही. मेरिडियनचा तो मुलगा चांगलं सांगतो, थोडं लांबवतो. ओझेलाला कुठून कळलं कोण जाणे, काल ती दारात येऊन उभी राहिली. “ऐकलं तुम्ही पोरीच्या घरी चाललाय. हे न्या,” म्हणून एक मोठं झाकलेलं भांडं हातात दिलं, आणि म्हणाली, “आणि पाळकसाहेब, तिथे ओठ हलवत बसू नका. येत नसेल तर नुसतं ऐका.” म्हणजे तिनंही पाहिलं होतं. कुणी कुणी पाहिलं होतं, देव जाणे. मी मान खाली घालून भांडं घेतलं.

तू काही वाजवलंस तर ऐकेन. नाही वाजवलंस तरी बसेन. बोलायला माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही, आणि जे आहे ते लिहून झालं आहे.

एकच विनंती आहे. जेवायला बसलो की वडीलधारा आणि पाळक म्हणून तू मला प्रार्थना करायला सांगशील. तुझ्या आईनं तुला तसंच वळण लावलं आहे. सवयीनं मी उभा राहीनही. मला बसव. घर तुझं, टेबल तुझं, प्रार्थना तू म्हण. आणि तिचं नाव घेशील तेव्हा मला काय वाटेल याचा विचार करू नकोस. ‘माझी बायको’ म्हण, देवाला ऐकू जाईल असं म्हण.

मी आमेन म्हणेन.

होझिया